दमयंतीचं नाक आणि नाशिकची रोझमेरी

कृष्णकांत तामोरेला भांडायला माणूस लागत नाही. गळका नळ, गंजलेला नट, बंद पडलेला पंप, यांतलं काहीही समोर असलं की तो त्याच्याशी तासभर तोंडाला तोंड देतो, आणि शेवटी जिंकतो तोच. बोईसरच्या एका तारेच्या कारखान्यात त्याने एकतीस वर्षं फिटर म्हणून काढली. मशीन अडलं की साहेब लोक नकाशे उघडून बसत आणि हा मशीनला कान लावून उभा राहायचा. "फॉल्ट असल्याशिवाय बिघाड नाय," हे त्याचं एकच तत्त्वज्ञान. निवृत्त होऊन तो समुद्राकाठच्या घिवलीतल्या घरी बसला तेव्हा गावातल्या सगळ्या पंपांनी धसका घेतला, असं शेजारची रंभाबाई अजून सांगते.

अशा या माणसाला तीन वर्षं एका वीतभर झुडपाने रडवलं.

झुडपाची गोष्ट सांगायची तर आधी त्याच्या बायकोच्या नाकाची सांगायला हवी. दमयंती सुकी मासळी विकायची. बोंबील, जवळा, मांदेली. रंभाबाई आणि ती, दोघी पाट्या घेऊन बोईसरच्या बाजारात शेजारी शेजारी बसायच्या, कधी सफाळ्यालाही जायच्या. पण गिऱ्हाईक थांबायचं ते दमयंतीपुढे. बोंबील मानेपाशी मोडायचा, नाकाशी धरायचा आणि सांगायचं, हा दोन उन्हांचा, हा तीन उन्हांचा, ह्याला वाळताना पाऊस लागलाय, हा घेऊ नका. स्वतःचाच माल असा नाकारणारी बाई बाजारात दुसरी नव्हती. रंभाबाईसुद्धा आपली पाटी भरण्याआधी तिच्याकडे आणून म्हणायची, "दमयंते, जरा नाक लाव गं." दमयंती वाकायची, भुवया जवळ आणायची आणि निकाल द्यायची. त्या निकालावर अपील नव्हतं.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत घरात दोघांना ताप आला. कृष्णकांतचा आठवड्यात उतरला. दमयंतीचाही उतरला, पण जाताना तिचं नाक घेऊन गेला. येईल महिनाभरात, सगळे म्हणाले. बऱ्याच जणांचं आलंही. हिचं आलं नाही. बाजार उघडला तशी ती अंदाजाने, डोळ्यांवर भरवसा ठेवून विकायला बसली, आणि तिसऱ्याच फेरीला वीस वर्षांच्या जुन्या गिऱ्हाइकाने जवळ्याची पिशवी परत आणून तिच्या पाटीत उलटी केली. "बाई, हे कोंबड्यासुद्धा खाणार नाहीत. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." दमयंतीने त्यातला मूठभर जवळा उचलून नाकाशी नेला. वाळू हुंगावी तसं झालं. त्या दिवशी ती पाटी उचलून घरी आली ती परत बाजारात गेली नाही. तिची जागा रंभाबाई अजून धरून ठेवते. रोज तिथे आपली रिकामी पाटी पालथी घालते आणि कुणी बसायला आलं की अंगावर जाते.

पालघरच्या डॉक्टरांनी सांगितलं, औषध असं नाही, नाकाला पुन्हा शिकवायचं. रोज सकाळ-संध्याकाळ चार-पाच उग्र वास घ्यायचे, खंड पडू द्यायचा नाही. लवंग झाली, लिंबू झालं, कापूर झाला. नाशिकला दिलेली मुलगी हेमाली दिवाळीनंतर आली ती दोन कुंड्या घेऊन. एक लॅव्हेंडर, एक रोझमेरी. "समुद्राकाठची झाडं आहेत बाबा, पण तिकडच्या. भूमध्य समुद्राच्या. तिथे उन्हाळ्यात थेंब पडत नाही. माझ्या गच्चीत तर मी बघतही नाही, तरी रानासारखी वाढतात. आई, पानं चुरगळून हुंगायची, काय?"

दमयंतीने चुरगळून हुंगलं. पंधरा दिवस काही नाही. सोळाव्या दिवशी सकाळी तिने रोझमेरीचं पान नाकाशी धरलं आणि तशीच उभी राहिली.

"काय झालं?" कृष्णकांतने विचारलं.

"वास नाय. पण आत थंड लागलं. खिडकी किलकिली केल्यागत."

कृष्णकांतला एवढंच हवं होतं. कान लावलेल्या मशीनमध्ये कुठेतरी टिक ऐकू आली होती. आता फॉल्ट सापडणार. त्याने त्या दिवसापासून रोझमेरीला घरातल्या माणसासारखं वागवायला सुरुवात केली, आणि इथेच घोटाळा झाला. अंगणातल्या तुळशीला घालायचा तसा रोज सकाळी तांब्याभर पाणी. मे महिन्यात घामाच्या धारा लागल्या तेव्हा दोन तांबे. लॅव्हेंडरने मे संपायच्या आधीच मान टाकली. रोझमेरी जुलैत गेली. वरून हिरवी दिसत होती, आणि एक दिवस धरून हलवली तर मुळापासून हातात आली, काळी, बुळबुळीत. हेमाली फोनवर किंचाळली, "रोज पाणी? बाबा, ह्या झाडाला विसरायचं असतं!"

"असलं कसलं झाड? विसरलं तर जगतं, जीव लावला तर मरतं?"

"तसलंच आहे."

कृष्णकांतने फोन ठेवला आणि झाडाला दहा मिनिटं शिव्या दिल्या. मग दमयंती उठायच्या आत ते कुजलेलं खोड खाडीत फेकून आला आणि कुंडी घासून धुऊन उलटी ठेवली. तिला ते दिसू नये एवढंच त्याच्या मनात होतं. ती चार महिने लवंग हुंगत राहिली आणि दिवाळीला हेमालीने नवी झाडं आणली तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू. ती थंड खिडकी बंद झाली होती. मार्चमध्ये कधीतरी ती पुन्हा किलकिली झाली. म्हणजे नाक उघडायला आलं की पाऊस यायचा, झाड मरायचं, शिकवणी बुडायची. मधल्या काळात रोझमेरीच्या तेलाची बाटली आणली. त्याने नाकात नुसती आग झाली आणि दोन दिवस डोकं दुखलं.

दुसऱ्या वर्षी कृष्णकांतने लॅव्हेंडरचा नाद सोडला आणि रोझमेरीच्या तीन कुंड्या केल्या. फॉल्ट त्याला कळला होता: पाणी. पाणी बंद केलं की झालं. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्याने पडवीच्या कोपऱ्यात लोखंडी पाइपांचा सांगाडा उभा केला, त्यावर निळी ताडपत्री घातली, तीन बाजू खालपर्यंत बांधल्या. वेल्डिंग असं सुबक की गावातले लोक बघायला आले. थेंब आत जाणार नाही. गेलाही नाही. पण पंधरा दिवसांत पानांवर राखेसारखी बुरशी धरली, फांद्या आतून तपकिरी पडल्या, मुळं कुजली, आणि श्रावण लागायच्या आत तिन्ही कुंड्या रिकाम्या झाल्या. एका झाडाला पाण्याने मारलं होतं, तीन झाडं थेंब न लागता मेली. पुन्हा पहाटे खाडीची वारी, पुन्हा कुंड्या धुणं.

"भाऊजी, त्या झाडाला इथली हवा नाय मानवत," रंभाबाई कुंपणापलीकडून म्हणाली. "उंटाला होडीत बसवल्यावर दुसरं काय होणार?"

"तुमी तुमची मासळी सांभाळा," कृष्णकांत उखडला. पण त्या रात्री जेवताना त्याला घास गोड लागला नाही. तो चिडायचा खूप, पण हरायची सवय नव्हती. मशीन असतं तर उघडून बघितलं असतं. ह्या हवेला कुठून उघडायचं? मिठाने जड झालेली, अंगाला चिकटणारी, कपडे दोरीवर तीन दिवस ओले ठेवणारी हवा. तिला ना नट, ना बोल्ट.

तोडगा निघाला तो दमयंतीकडून, आणि तोही भांडणातून. तिसऱ्या वर्षी हेमालीने एकच रोझमेरी दिली. मेच्या शेवटी तिच्यासाठी तो पुन्हा ताडपत्री काढायला लागला तेव्हा ती म्हणाली, "परत कोंडणार तिला?"

"मग काय भिजवू?"

"अवो, बोंबील भिजला तरी वाऱ्याला दिला की वाचतो. ताडपत्रीखाली कोंडला की त्याच्यात आळ्या होतात. एवढी वर्षं मासळी सुकवली आमी, कधी आमाला विचाराल तर शपथ!"

कृष्णकांतने हातातली ताडपत्री खाली टाकली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. घरामागे बोंबील सुकवायची वलांडी उभी होती, बांबूंचा उंच मांडव आणि आडव्या दोऱ्या. पावसाळ्यात मासेमारी बंद, मांडव रिकामाच. समुद्रावरचा वारा त्यातून आरपार जायचा. त्याने एका मातीच्या कुंडीला बुडाशी आणि बाजूंनी ड्रिलने सोळा भोकं पाडली. आत माती नावाला. बाकी जाडी रेती, पाच पाण्यांनी धुऊन मीठ काढलेली, आणि खाडीतल्या तिसऱ्यांच्या शिंपल्यांचा दमयंतीने वरवंट्याने केलेला चुरा. कुंडी वलांडीवर छातीएवढ्या उंचीला टांगली. डोक्यावर हातभर पत्र्याचा तुकडा, चारी बाजू मोकळ्या. जे पाणी उडून आत येईल ते येईल आणि सोळा भोकांतून लगेच निघून जाईल.

"आता दोन्ही हात मागे बांधून बसा," दमयंतीने बजावलं.

तो बसला. कसा बसला त्याचं त्याला ठाऊक. जूनमध्ये चार दिवस झोडपून पडला, रोझमेरी वाऱ्याने वाकडी झाली पण हिरवी राहिली. जुलैत खालची पानं गळली. कृष्णकांतने दिवसातून वीस वेळा खेटे घातले, पण हात लावला नाही. दमयंती रोज सकाळी छत्री घेऊन जायची, एक पान खुडायची, चुरगळायची, डोळे मिटायची. ती थंड खिडकी जुलैत होती, ऑगस्टमध्ये होती. वास मात्र नव्हता. गणपती गेले, नारळी पौर्णिमेनंतर सुरू झालेल्या होड्या आता भरून यायला लागल्या, आणि रोझमेरीच्या शेंड्याला नवी कोवळी फूट आली. कृष्णकांतने त्या फुटीचा फोटो हेमालीला पाठवला, तिच्या सासऱ्यांना पाठवला, कारखान्यातल्या जुन्या साहेबांनाही पाठवला. खाली लिहिलं, "फॉल्ट सापडला."

ऑक्टोबरात हेमालीने नव्या घरात नळजोडणीसाठी बाबांना बोलावलं. नाशिकचे प्लंबर तिला फसवत होते म्हणे. दमयंती गेली नाही. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात दूध करपलेलं आपल्याला कळलं नाही तर, ही धास्ती तिला होती, आणि ती तिने कुणाला सांगितली नव्हती. निघताना कृष्णकांतने वलांडीपाशी उभं राहून तीन वेळा सांगितलं, "पाणी घालायचं नाय. कितीही ऊन पडलं तरी नाय. तुझ्या आईची शपथ."

"नाय घालणार. जा तुमी."

नऊ दिवसांनी दुपारी तो परत आला. पिशवी पडवीत टाकली आणि चपलासुद्धा न काढता मागे गेला. लांबूनच त्याला झाड दिसलं. शेंडे लोंबत होते. पानांचा तो करकरीत हिरवेपणा जाऊन शिळ्या भाजीचा रंग आला होता. त्याने खोडाला धरलं, वर ओढलंही नाही, नुसतं धरलं, आणि अख्खं झाड भुसभुशीत चिखलासकट वर आलं. तोंडावर चपराक बसावी तसा भपकारा आला. कुंडीची सगळी भोकं खवल्यांनी आणि कसल्याशा काळ्या गाळाने बुजली होती.

"दमे! इकडे ये! आधी इकडे ये!"

दमयंती मागच्या ओट्यावर मासळी साफ करत होती. हात तसेच ओले घेऊन दारात आली. कृष्णकांत तिच्याकडे पाठ करून उभा होता. झाड त्याच्या छातीशी होतं, त्याची पाठ तेवढी तिला दिसत होती.

"पाणी घातलंस?"

"नाय! तुमची शपथ, थेंबसुद्धा नाय."

"मग हे काय? काय घातलंस?"

ती घुटमळली. "मासळीचं धुवण घातलं थोडं. ते काय पाणी हाय का? खत हाय ते. पानं कोमेजलेली दिसली, ऊन लई होतं. माडाला घालतो, शेवग्याला घालतो, कढीपत्त्याला घालतो. माझ्या आईने घातलं, तिच्या आईने घातलं. म्हटलं, तुमी येईपर्यंत जरा बाळसं धरेल."

"रोज?"

"सकाळ-संध्याकाळ."

मग मात्र कृष्णकांतचा बांध फुटला. तीन वर्षांचा सगळा राग त्याच्या तोंडून बाहेर पडला. हातातोंडाशी आलेला घास म्हणाला, अति तिथं माती म्हणाला, पालथ्या घड्यावर पाणी म्हणाला. चार महिने पावसाने मारलं नाही ते तू नऊ दिवसांत मारलंस, म्हणाला. मी काय माझ्यासाठी करत होतो का हे, मला काय रोझमेरीची भाजी करून खायची होती, म्हणाला. आणि मग जे कधी बोलला नव्हता तेही बोलला, की तुझी ती बाजारातली जागा बघवत नाही मला, त्या पालथ्या पाटीजवळून जायचं टाळतो मी, लांबच्या रस्त्याने जातो. बोलता बोलता त्याचा आवाज चिरकला, म्हणून तो आणखी मोठ्याने ओरडला. कुंपणापलीकडे रंभाबाईची चाहूल थांबली.

दमयंती खाली मान घालून ऐकत होती. आपण चुकलो हे तिला कळलं होतं, आणि त्या झाडावर आपलाही जीव होता हे सांगायची ही वेळ नव्हती. एवढ्यात वाऱ्याची झुळूक त्याच्याकडून तिच्याकडे आली. तिने मान वर केली. भुवया हळूहळू जवळ आल्या.

"अवो, गप बसा जरा."

"गप बसू? मी गप बसू?"

"बसा म्हणते ना!" ती अशी कडाडली की तो खरंच गप्प झाला. "हे काय कुजलंय?"

"काय कुजलंय म्हणून मलाच विचारतेस? दिसत नाय तुला की..." कृष्णकांत वळला आणि वळता वळता त्याची जीभ जागीच थांबली. तिला दिसत नव्हतंच. मूळ त्याच्या हातात होतं, त्याच्या अंगाआड.

ती पुढे आली. एक पाऊल, दुसरं पाऊल. "गेला," ती म्हणाली. थांबली. डोळे मिटले. "नाय. आला. आला ओ! हाय इथंच." तिने त्याचा हात मनगटाशी धरून ते काळं, बुळबुळीत मूळ स्वतःच्या नाकाशी ओढलं, एखाद्याने मोगऱ्याचा गजरा ओढावा तसं. आणि लगेच तोंड फिरवून खोकली, डोळ्यांत पाणी आलं, आणि खोकता खोकताच हसायला लागली. "शी! काय घाण हो! मेलेल्या घुशीची घाण! कृष्णकांत, लई घाण येते ओ!"

लग्नाला चौतीस वर्षं झाली होती. तिने त्याला नावाने हाक मारल्याचं त्याला आठवत नव्हतं.

"थांब," तो कसाबसा म्हणाला. आत धावला, जवळ्याचा डबा आणला, तिच्यापुढे उघडला. तिने वाकून हुंगलं, बराच वेळ. मान हलवली. "नाय. ह्याचा नाय येत." मग पुन्हा मुळाकडे वळली, हुंगलं, मळमळून मागे झाली. "ह्याचा येतो."

कृष्णकांत वलांडीच्या बांबूला टेकून खाली बसला. त्याच्या डोळ्यांपुढे त्या पहाटा आल्या. पहिल्या वर्षाची एक कुंडी, दुसऱ्या वर्षाच्या तीन. नाक चोंदून टाकणारी ती दुर्गंधी हातात घेऊन तो चोरासारखा खाडीवर गेला होता, आणि घरी येऊन त्याने कुंड्या राखेने घासल्या होत्या, कुठे म्हणून वास राहू नये इतक्या.

"दमयंती," तो म्हणाला, "आधीची झाडंसुद्धा अशीच कुजलेली. तुला वाईट वाटेल म्हणून मी तू उठायच्या आत फेकून येत होतो."

ती रागावेल असं त्याला वाटलं, आणि ती रागावलीच. "चार झाडं! मला एकदा दाखवायची तरी! तीन वर्षं मला लवंगा हुंगवत बसलात!"

"मला काय माहीत, तुला घाणच हवी होती?"

कुंपणापलीकडून रंभाबाई फस्सकन हसली आणि पदराने तोंड दाबून म्हणाली, "भाऊजी, फॉल्ट सापडला का?"  

कृष्णकांत सवयीने उठला, मेलेलं झाड कुंडीत टाकलं आणि कुंडी उचलून खाडीकडे वळला. दमयंतीने पुढे होऊन कुंडीचा काठ धरला.

"कुठं चाललात? उद्या सकाळी मला परत हुंगायचं हाय."

कृष्णकांतने कुंडी खाली ठेवली. मग पडवीतून ती निळी ताडपत्री घेऊन आला, कुंडीवर दुहेरी पसरली आणि सकाळपर्यंत वास उडून जाऊ नये म्हणून काथ्याने चारी बाजूंनी घट्ट बांधली.